मिठाच्या पाण्यातला मांजरपाट

मित्रांनो, मी एक जुना मांजरपाटाचा तुकडा आहे. वीतभर लांब, वीतभर रुंद, आणि एका कोपऱ्यावर न निघणारा लालसर डाग. तुमच्या घरात असा तुकडा दिसला तर तुमची आई तो शेगडी पुसायला घेईल. पण मला तसं समजू नका. मी तळेघरच्या पुढच्या एका वाडीत, अंगणवाडीच्या फळीवर, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात राहतो, आणि मला हात लावायच्या आधी माणसं साबणाने हात धुतात. एवढा मान किती फडक्यांच्या वाट्याला येतो, सांगा बरं?

मी थोडा गर्विष्ठ आहे, हे आधीच कबूल करतो. याच गर्वाच्या दिवसांत एकदा एका तान्ह्या पोरीचे फार हाल झाले. तीही गोष्ट मी लपवणार नाही. पण सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म कोणत्या गिरणीत झाला ते मला सांगता येत नाही. तागा गच्च गुंडाळलेला होता आणि आत काळोख होता. मी पहिल्यांदा उजेड पाहिला तो जुन्नरच्या बाजारपेठेत, पुखराजशेठच्या कापडाच्या दुकानात. साल एक्क्याण्णव. दुकानात वरच्या फळ्यांवर वायल, पॉपलीन, टेरिकॉट अशी बडी मंडळी ऐटीत बसलेली असत. मांजरपाटाचा तागा सगळ्यात खाली, पायताणांच्या उंचीला. गिऱ्हाईक आलं की माझ्यावरून हात फिरवायचं आणि म्हणायचं, "लई खरबरीत हाय, राव." मग माझी रवानगी गादीच्या खोळीसाठी नाहीतर परकराच्या अस्तरासाठी. आपलंही आयुष्य असंच कुठल्यातरी गादीखाली जाणार, अशी मनाची तयारी करून मी पडून होतो.

एके दिवशी दुकानाच्या मागच्या जिन्यावरून किल्ल्यांचा जुडगा वाजत खाली आला. ती पानबाई, पुखराजशेठची बायको. बुटकी, जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलणं असं की शेठसुद्धा गादीवर सावरून बसायचे.

"पाणी गाळायला कापड पाहिजे," ती म्हणाली.

"मलमल घे की. दुकान आपलंच हाय," शेठ म्हणाले.

"मलमलीतनं हत्ती निघून जाईल! घट्ट द्या. उजेड पलीकडं दिसला न्हाई पायजे."

मग तिने एकेक कापड दिव्याकडे धरून पाहिलं. सगळ्यांतून उजेड आरपार दिसला. शेवटी खाली वाकून तिने माझ्या ताग्याचं टोक उचललं आणि बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं. माझ्यातून काहीच दिसलं नाही. "हा," ती म्हणाली, आणि कात्री चालली. वरच्या फळीवरच्या टेरिकॉटचं तोंड तुम्ही तेव्हा बघायला हवं होतं!

या घराची रीत मला नवी होती. हे जैन कुटुंब. पाण्यात बारीक बारीक जीव असतात, ते आपल्या पोटात जाऊन मरू नयेत, म्हणून पाणी गाळल्याशिवाय घ्यायचं नाही. परसातल्या आडाचं पाणी शेंदलं, की मी दुहेरी घडी होऊन पितळी हंड्याच्या तोंडावर बसायचो. गाळून झालं की पानबाई मला उलटा करून वरून पाणी सोडायची आणि ते पाणी अलगद परत आडात पोचवायची. माझ्या अंगावर अडकलेले जीव आपल्या घरी परत गेले पाहिजेत, असा तिचा नेम होता. मग गाळलेलं पाणी उकळायचं. उकळलेल्या पाण्यालाही मुदत. थंडीत चार प्रहर, पावसाळ्यात तीन. मुदत संपायच्या आत ते वापरून टाकायचं, पुढे शिळं ठेवायचं नाही. घड्याळ नसलं तरी पानबाईला पाण्याची वेळ कळायची.

अशी सात वर्षं गेली. रोज धुणं, रोज ऊन, आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात डुबकी. पहिल्या वर्षी मी इतका ताठ होतो, की वाळल्यावर भिंतीला टेकवला असता तर उभा राहिलो असतो. हळूहळू माझा ताठा गेला. सातव्या वर्षी मी असा मऊ झालो होतो, की पानबाई घडी घालताना मला उगाच एकदा गालाला लावायची. लोक म्हणायचे, या घरात कुणाचं पोट कधी बिघडत नाही. मी हंड्यावर बसून ते ऐकायचो आणि फुगायचो.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर मात्र घात झाला. पानबाईने मला नेहमीप्रमाणे खिडकीकडे धरलं आणि तिचा हात थांबला. मधोमध मोहरीएवढं भोक पडलं होतं. पाणी गाळायच्या फडक्याला भोक पडलं, म्हणजे नोकरी संपली. त्याच दिवशी नवीन मांजरपाट हंड्यावर बसला. ताठ, कोरा आणि भलताच खुशीत. पानबाईचा मुलगा पारस जाता जाता म्हणाला, "आई, तो जुना दे इकडं. माझ्या मोटरसायकलीला बरा हाय."

मित्रांनो, सात वर्षं धर्माचं पाणी गाळलेलं फडकं मी. आणि आता ग्रीस पुसायचं? मी खुंटीवर लटकून रात्रंदिवस तेवढाच विचार करत होतो.

मला वाचवलं ते एका चोंदलेल्या नाकाने. पारसचा मुलगा जिनेश तेव्हा चार महिन्यांचा होता. थंडी पडली आणि त्याचं नाक बंद झालं. नाकपुड्यांवर पापुद्रे धरले, आत घुरघुर. दूध प्यायला घेतलं की सोडून द्यायचा आणि टाहो फोडायचा. त्याची आई राखी रडकुंडीला आली. ती रुमालाने पुसायची, तर नाक लाल होऊन सोलवटलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, की छाती साफ आहे, औषध नको. उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडं मीठ घाला, मऊ कापड त्यात भिजवून नाक पुसत जा. एकदोन थेंब नाकात गेले तर चांगलंच. तेलबिल अजिबात सोडू नका, ते छातीत उतरतं.

पानबाई घरी आली. उकळलेलं पाणी तर घरात सदा तयार. मऊ कापड म्हणून तिने सगळं कपाट पालथं घातलं, आणि मग तिची नजर खुंटीकडे गेली. पुढच्या क्षणाला टर्र, टर्र असा आवाज झाला. एकाचे चार, चाराचे सोळा. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण मोटरसायकलीचं ग्रीस डोळ्यांपुढे आलं आणि मी गप्प बसलो. आता तुम्ही विचाराल, सोळांपैकी बोलतोय तो कोणता? सगळेच मी होतो. हकीकत सांगायला उरलाय तो हा एक.

आम्हाला उकळलं, वाळवलं, स्वच्छ डब्यात भरलं. मिठाचं प्रमाण पानबाईने आपल्या पद्धतीने बसवलं. पेलाभर पाण्याला अर्धा छोटा चमचा, सपाट. आणि खूण अशी, की चव डोळ्यांतल्या पाण्याइतकी लागली पाहिजे. त्याहून खारट झालं तर ओतून द्यायचं आणि पुन्हा करायचं. दोन दिवसांत जिनेश गटागटा दूध प्यायला लागला. पारसने आईला विचारलं, "मग मोटरसायकलीला काय घेऊ?" ती म्हणाली, "तुजा सदरा घे."

त्याच आठवड्यात दुकानात ठमाबाई आली. तळेघरच्या पुढची, उंच, खणखणीत आवाजाची बाई. तिची सून अश्विनी पहिल्या बाळंतपणाला जुन्नरजवळ माहेरी आली होती. आता सव्वा महिना झाला म्हणून ठमाबाई सुनेला आणि नातीला न्यायला आली होती, आणि गाडी पकडायच्या आधी कुंचीचं कापड घ्यायला दुकानात शिरली. नातीचं नाव भागू. अश्विनी पोरीला छातीशी धरून कोपऱ्यात उभी राहिली. सासू बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पानबाई तेव्हा गादीशेजारी बसून जिनेशचं नाक पुसत होती. पोरगं शिंकलं, खुदकन हसलं आणि तिच्या मांडीवर पाय उडवू लागलं. ठमाबाई बघतच राहिली.

"आवो शेठाणी, कशाचं हाय ओ हे फडकं?"

"पाणी गाळायचं व्हतं. सात वर्षं धर्माचं पाणी गाळलंय यानं," पानबाई कौतुकाने म्हणाली.

"मला द्या की एक. वाडीवर लई थंडी असती. नात हाय ल्हान."

पानबाईने डब्यातला एक न वापरलेला, उकळलेला तुकडा, म्हणजे मला, कागदात गुंडाळून दिला आणि सगळं समजावून सांगितलं. हात धुवा. पाणी उकळा. मीठ डोळ्यांतल्या पाण्याइतकं. नाक भिजू द्या, मग हळूच पुसा. पाणी सकाळचं संध्याकाळी ओता. फडकं परत उकळा. ठमाबाई "व्हय, व्हय" म्हणत होती, पण तिचे डोळे कुंचीच्या कापडावर होते आणि कान एसटीकडे. तिच्या डोक्यात शिरले ते चारच शब्द: सात वर्षं धर्माचं पाणी.

वाडीवर पोचल्या पोचल्या तिने मला कागदातून काढलं. मी वाट बघत होतो, की आता पाणी उकळेल. तिने काळा दोरा आणला, मला गोल गुंडाळलं आणि भागूच्या पाळण्याच्या दांडीला बांधलं. मग माझ्यावर हळद लावली, कुंकू लावलं आणि हात जोडले.

खरं सांगू? मला ते आवडलं. खूप आवडलं. आजूबाजूच्या बायका बघायला येत. "जुन्नरच्या शेठाणीचं देवाचं फडकं हाय," ठमाबाई सांगायची, आणि आलेली बाई मला बोटं लावून ती कपाळाला लावायची. कोणी फूल वाहायचं. जो मांजरपाट पायताणांच्या उंचीला पडून होता, त्याची पूजा! वर फळीवरच्या टेरिकॉटला हे कळवायला हवं, असं मला रोज वाटायचं. अश्विनी पाळणा हलवताना माझ्याकडे विचित्र नजरेने बघायची. तिला काहीतरी बोलायचं आहे हे दिसत होतं, पण मी म्हटलं, भक्तिभाव असेल.

मग पौष लागला. भीमाशंकरच्या अंगाने वारा सुटला, तो कुडाच्या भिंतीतून आत येऊ लागला. भागू आधी शिंकली, मग नाक वाहिलं, मग वाळलं, मग बंद झालं. तान्ह्या मुलांना तोंडाने श्वास घेणं नीट जमत नाही, मित्रांनो. दूध पिताना तर त्यांना नाकच हवं. भागू आईला लागायची, दोन घोट घ्यायची, श्वास कोंडायचा आणि लालबुंद होऊन रडायची. पुन्हा लागायची, पुन्हा सोडायची. पहिला दिवस असा गेला. अश्विनी नव्या साडीच्या पदराने पुसायची, तो पदर जरीचा आणि टोचरा. पोरीची नाकपुडी सोलली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भागूच्या रडण्यातला जोर कमी झाला. ओलं दुपटंही कमी वेळा बदलावं लागत होतं, आणि त्याने अश्विनी जास्त घाबरली.

आणि मी कुठे होतो? तिच्या नाकापासून दीड हातावर. हळदीकुंकवाने माखलेला, दोऱ्याने आवळलेला. ठमाबाई माझ्यापुढे उभी राहून म्हणत होती, "कर की रं कायतरी देवा! पोर उपाशी हाय माजी." मी काय करणार? मला हात नाहीत. मला पाणी लागतं, मीठ लागतं आणि एक धुतलेल्या हातांचं माणूस लागतं. सात वर्षांत मला कधी लाज वाटली नव्हती, ती त्या दुपारी वाटली. ठमाबाईने माझ्यावर आणखी एक चिमूट कुंकू टाकलं.

भागूचा बाप भगवंत, म्हणजे ठमाबाईचा मुलगा, शेवटची एसटी गेलेली म्हणून जीप बघायला तळेघरला चालत निघाला होता. यायला तासभर तरी लागणार होता. तेवढ्यात शेजारची कोंडाबाई वाटीत तेल घेऊन आली.

"दोन थेंब कोमट तेल सोड नाकात. मोकळं व्हतंय का न्हाई बग."

"नगं," अश्विनी म्हणाली.

घरात सगळे चमकले. या सुनेचा नकार आजवर कोणी ऐकला नव्हता. ती उठली, तिने पोर ठमाबाईच्या मांडीवर दिली आणि सरळ माझ्या दोऱ्याला हात घातला.

"आगं आगं! देवाचं हाय ते! पाळण्याचं सोडतीस आन् काय इपरीत झालं म्हंजी?"

"आत्याबाई, शेठाणींनी हे बांधाया न्हाई दिलं. नाक पुसाया दिलं. कसं पुसायचं ते समदं सांगितलं व्हतं. मी तितंच उभी व्हती."

"मग आजवर का न्हाई बोललीस?"

अश्विनीचा आवाज फुटला. "तुमी बोलत व्हता, आत्याबाई."

भागूला कोंडाबाईकडे देऊन ठमाबाई तोंड फिरवून उंबऱ्यावर जाऊन बसली. अश्विनीने दोरा दातांनी तोडला.

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. तिने मला साबण लावून घासलं. हळद निघाली, कुंकू निघेना. तिने मला उकळलं, पाणी गुलाबी झालं. ते ओतलं, पुन्हा उकळलं. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ राहिलं, पण एका कोपऱ्यावर डाग बसला तो बसलाच. तो कोपरा मुठीत धरून दुसऱ्या टोकाने पुसायचं तिने ठरवलं. दुसऱ्या पातेल्यात प्यायचं पाणी खळखळून उकळत होतं. घरात खडेमीठ होतं, ते चमच्यात कसं मोजणार? तिने ते पाट्यावर बारीक वाटलं आणि सपाट अर्धा चमचा पेल्यात टाकला. मग ती थांबली. डोळ्यांतल्या पाण्याइतकं, असं शेठाणी म्हणाल्या होत्या.

तिच्या गालावरून पाणी ओघळतच होतं. तिने ते बोटाने टिपलं आणि जिभेला लावलं. मग पेल्यातलं पाणी चमच्याने चाखलं. पेल्यातलं जास्त खारट होतं. तिने ते सगळं ओतून दिलं आणि पुन्हा केलं, मीठ थोडं कमी घेतलं. पुन्हा गालावरचं चाखलं, पुन्हा पेल्यातलं. या वेळी दोन्ही सारखं लागलं.

हाताला कोमट लागेपर्यंत तिने पाणी निवू दिलं. मग हात धुतले, मला बुडवलं, हलकं पिळलं आणि भागूच्या नाकाजवळ आणलं. पोरीने डोकं इकडून तिकडे झटकलं. एका हाताने डोकं धरून दुसऱ्याने पुसणं जमेना. कोंडाबाई पुढे झाली, पण तिच्या हाताला तेल. तेव्हा उंबऱ्यावरून ठमाबाई उठली. चुलीपाशी जाऊन तिने हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. मग येऊन खाली बसली आणि नातीचं डोकं आपल्या दोन तळहातांत घेतलं.

"पूस," ती म्हणाली.

मी भागूच्या नाकपुडीवर टेकलो. घासायचं नाही, नुसतं टेकायचं. पापुद्रा आधी दगडासारखा होता. मी ओल सोडत राहिलो. अश्विनी मनातल्या मनात आकडे मोजत होती. वीस झाल्यावर पापुद्रा मऊ पडला आणि माझ्यासोबत अलगद निघून आला. मी सोललेल्या कातडीवरून फिरलो आणि भागू ओरडली नाही. याच दिवसासाठी मला सात वर्षं कुटून, उकळून, उन्हात टाकून मऊ केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मग अश्विनीने माझं टोक पिळून एकेका नाकपुडीत एकेक थेंब सोडला.

सगळे वाट बघत राहिले. भागूने तोंड वेडंवाकडं केलं, डोळे मिटले, श्वास आत ओढला आणि फट्टकन शिंकली.

मी ते झेललं. मित्रांनो, मी धर्माचं पाणी गाळलं आहे, माझ्यावर फुलं वाहिली गेली आहेत. पण शेंबडाच्या त्या हिरव्या गोळ्याएवढं मोलाचं माझ्या अंगावर आजवर काही पडलेलं नाही!

अश्विनीने पोरीला छातीशी घेतलं. भागू लागली. एक घोट, दोन घोट. सगळ्यांचे कान तिकडे. तीन, चार, पाच. ती सोडेना. घटाघटा आवाज येऊ लागला, नाकातून मोकळी फुसफुस ऐकू येऊ लागली. कोंडाबाईने तेलाची वाटी गुपचूप पदराआड घेतली. ठमाबाई बसल्या जागी रडत होती आणि हसतही होती.

"मी येडी गं," ती म्हणाली. "अवशीद पाळन्याला बांधलं आन् पोर खाली उपाशी!"

भगवंत जीप घेऊन आला तेव्हा भागू पोटभर पिऊन झोपली होती. तरी ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलेच. डॉक्टरांनी छाती तपासली, साफ होती. ते म्हणाले, "नाक मोकळं केलंत, उत्तम केलंत. पण श्वास भराभर चालला किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जायला लागली, तर फडक्यावर विसंबून बसू नका, तडक इकडे या." ठमाबाईने या वेळी शब्द न् शब्द ऐकला. खात्री म्हणून सुनेलाही विचारलं, "ऐकलंस ना समदं?"

त्या दिवसापासून ठमाबाई बदलली, म्हणजे आवाज तोच राहिला, पण कामाला लागला. कुणाच्या पाळण्याला काळा दोरा दिसला की ती आत शिरायची. "दोरा सोड आन् पाणी ठेव चुलीवर!" फाल्गुनात ती जुन्नरला गेली आणि पानबाईला सगळी हकीकत सांगितली. पानबाई इतकी हसली की चष्मा नाकावरून घसरला. मग एकदम गंभीर झाली.

"चूक माजीबी हाय. धर्माचं पाणी, धर्माचं पाणी, हे कौतुक मी कशाला सांगत बसले? नुसतं पाणी उकळा एवढंच सांगायचं."

ठमाबाईला वाडीतल्या सगळ्या पोरांसाठी फडकी हवी होती. पुखराजशेठ उत्साहाने उठले आणि मांजरपाटाचा कोरा तागा खाली काढला. पानबाईने त्यांना थांबवलं. "नवं न्हाई चालायचं. पोरांची नाकं सोलतील. घरातली जुनी धोतरं काढा, जुनी लुगडी काढा, धुऊन धुऊन इरलेली. जितकं जुनं तितकं बरं." शेठ तागा हातात घेऊन उभेच राहिले.

मग वाडीवर जुनी कापडं निघाली. कुणाच्या आजोबांचं धोतर, चिमाजी पाटलांचं उपरणं, बयाबाईचं विटकं लुगडं. टर्र, टर्र, टर्र. पुढे अश्विनी अंगणवाडीची सेविका झाली, तेव्हा तिने प्रत्येक मुलाच्या फडक्याला वेगळ्या रंगाचा दोरा टाचला. एकाचं फडकं दुसऱ्याला नाही. सकाळी पाणी उकळायचं, संध्याकाळी उरलेलं ओतायचं. पानबाईचे प्रहर असे आडावरून डोंगरावर आले. थंडीच्या दिवसांत अंगणवाडीपुढच्या दोरीवर बेचाळीस फडकी वाळत असतात. निवडणुकीच्या पताकासुद्धा इतक्या ऐटीत फडफडत नाहीत.

दोन हजार पाच साल. याच हिवाळ्यात एके सकाळी अंगणवाडीपुढे जीप थांबली. पारसचा हात धरून पानबाई उतरली, आणि मागून सात वर्षांचा जिनेश. पानबाई वाकली होती, पण जुडगा तसाच वाजत होता. दोरीवरची फडकी तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. ठमाबाईने डब्यातून मला काढून तिच्या हातात ठेवलं.

"वळखा, कोन हे?"

पानबाईने चष्मा पुसला आणि मला सूर्याकडे धरलं, अगदी पहिल्या दिवशी दुकानात धरलं होतं तसं. तेव्हा माझ्यातून काही दिसत नव्हतं. आता मी विरून जाळी झालो होतो. सगळं ऊन माझ्यातून येऊन तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर पडलं.

"आता उजेड दिसतोय पलीकडं," ती म्हणाली, आणि मला गालाला लावलं.

"लई दमला हो," ठमाबाई म्हणाली. "किती हिवाळे घरच्या पोरांची नाकं मोकळी केली यानं. आता तरी ठेवू का देवाजवळ?"

मित्रांनो, कधीकाळी हे ऐकून मी फुललो असतो. आता माझा जीव धसकला. मला पुन्हा टांगणार की काय?

तेवढ्यात आतून एक मुलगी धावत आली. दोन वेण्या, ओले हात, हातांना साबणाचा वास. ती भागू. तिचा वर्षभराचा धाकटा भाऊ ऋषी दाराशी बसून सुरसुर करत होता. भागूने पेल्यातलं पाणी चमच्याने चाखलं, तोंड वाकडं केलं आणि आपल्या आईला म्हणाली, "आई, जास्त खारट झालंय. वत आन् परत कर." अश्विनीने मुकाट्याने ओतलं आणि परत केलं. भागूने पुन्हा चाखलं, मान डोलावली, आणि पानबाईच्या हातातून मला उचललं.

"हे नका ठेवू देवाजवळ," ती आजीला म्हणाली. "हे लई मऊ हाय. मला लागतंय."

तिने मला कोमट पाण्यात बुडवलं, हलकं पिळलं आणि ऋषीच्या नाकावर टेकवलं. घासलं नाही, नुसतं टेकवलं. वीसपर्यंत मोजलं. ऋषी फट्टकन शिंकला आणि सगळं अंगण हसलं. पानबाई सगळ्यांत मोठ्याने हसली.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं धुऊन धुऊन विरलेलं फडकं असेल. त्याला टाकू नका आणि त्याची पूजाही करू नका. हात धुवा, पाणी उकळा, मीठ चाखून बघा, आणि त्याला कामाला लावा. मग उकळून उन्हात वाळत घाला. माझं म्हणाल, तर माझे धागे सुटत चालले आहेत, या थंडीत बहुतेक मी संपेन. त्याचं मला काही वाटत नाही. भागूने मला आत्ताच दोरीवर टाकलं आहे, आणि दुपारपर्यंत मी पुन्हा वाळून तयार होईन.